किनाऱ्याकडची केबिन

हातिसकरांनी टेबलावरचा कागद तिच्याकडे फिरवला, पेन्सिलीचं बोथट टोक त्यावर टेकवलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कुठं झोपणार?"

मथुरेला आधी वाटलं, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारताहेत. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं. मागं नुसती भिंत होती आणि भिंतीवर धूर सोडत चाललेल्या आगबोटीचं रंगीत चित्र. बोटीच्या एजंटाच्या ह्या कचेरीत ती बोलायला आलीच नव्हती. पेठेत सासूसाठी लोकरीची शाल घ्यायची होती, वाटेत कचेरी लागली, म्हणून नवऱ्यामागोमाग ती पायऱ्या चढली आणि बाकाच्या टोकाला पदर सावरून बसली. बोलायचं नवऱ्यानं. पण हरिश्चंद्र रेडीज पडला मंगलोरी कौलांचा व्यापारी. अर्ध्या रत्नागिरीची छपरं त्याच्या वखारीतून गेलेली. मांडवीच्या रस्त्यावर त्याला हाक मारणारं माणूस भेटलं नाही असा दिवस नव्हता. तशी हाक आली आणि "आलो हां, तोवर हिला दाखवा तुम्ही," म्हणून तो खाली उतरला. मग हातिसकरांनी कागद फिरवला. कागदावर बोटीचा वरचा मजला काढला होता, सुरमईसारखा लांबट, आणि सुरमईच्या दोन्ही कुशींना लहान लहान चौकोन. एका कुशीला समुद्र, दुसरीला किनारा, असं हातिसकर सांगत होते. समुद्राच्या अंगाला दोघांदोघांच्या दोन केबिनी लगोलग होत्या. तिसरी काही लगत मिळत नव्हती. जी होती ती पलीकडे, किनाऱ्याच्या अंगाला, अगदी शेवटी, एकट्या माणसाची. "तर ही शेटना देऊ. तुम्ही चौघी बायका ह्या दोहोंत. म्हातारीजवळ कोण आणि सूनबाईजवळ कोण, तेवढं सांगा, म्हणजे झालं."

सांगणं सरळ होतं. त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. म्हातारी म्हणजे सासू, घरातले सगळे तिला बय म्हणत; तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि मुंबईच्या डॉक्टरकडे तो काढून घ्यायचा होता. सून विमला आपली अंगावरची पोर घेऊन नवऱ्याकडे, रघूकडे, गिरगावात बिऱ्हाड करायला निघाली होती. हरिश्चंद्राची विधवा बहीण यमुना सगळ्यांच्या मदतीला. आजवर ही माणसं मुंबईला गेली ती डेकवर सतरंज्या पसरून, ट्रंकांची भिंत करून, उशाशी फिरकीचा तांब्या ठेवून. ह्या खेपेला बयला गर्दीत चेंगरायला नको म्हणून वरच्या केबिनी घ्यायचं ठरलं होतं. बयजवळ मथुरा, विमलाजवळ यमुना. विचारायची गरजही नव्हती. मथुरेनं तोंड उघडलं ते हेच सांगायला. आणि तेवढ्यात तिचा हात पदरातून बाहेर आला, कागदावरून समुद्राच्या अंगाकडून किनाऱ्याच्या अंगाला गेला आणि शेवटच्या चौकोनावर तिचं बोट टेकलं. "मी इथं," ती म्हणाली.

"एकट्या?"

"हो."

आपला आवाज तिला ऐकू आला तेव्हा कानशिलं तापली. बोट उचलावं असं वाटलं, पण ते तसंच राहिलं. हातिसकर पेन्सिल धरून थांबले. तोवर हरिश्चंद्र पायऱ्या चढून वर आला होता. त्यानं कागदाकडे पाहिलं, बायकोच्या बोटाकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. "शेट, बाई म्हणतात—" हातिसकर सांगू लागले. "बरं, बरं," हरिश्चंद्र म्हणाला, "तसं लिहा. मी बयजवळ." आणि काखेतली छत्री सावरून तो पुन्हा पायऱ्या उतरायलाही लागला.

पेठेत शाल घेतली. दुकानदारानं करड्या, तपकिरी, काळ्या किनारीच्या अशा चारपाच शाली पुढ्यात टाकल्या, त्यांतली एक तिनं उचलली, पण कोणती ते घरी येईपर्यंत तिच्या ध्यानात नव्हतं. ती एकच गोष्ट चाचपून पाहत होती, तोंडात हललेला दात जिभेनं चाचपावा तशी. हे मी काय केलं? कशासाठी? नवरा दोन पावलं पुढं चालत होता. कौलारू घरांच्या सावल्या रस्त्यावर लांबल्या होत्या, मार्गशीर्षातलं ऊन अंगाला गोड लागत होतं, कुठंतरी मासळी भाजल्याचा वास येत होता, आणि काही बिघडल्याची खूण कुठंही नव्हती. वळणावर तो थांबला आणि मागं न पाहता म्हणाला, "समुद्राच्या अंगाला वारा जास्ती लागला असता." त्यात प्रश्न होता की नव्हता ते तिला कळलं नाही, पण उत्तर द्यायला हवं असं वाटलं, आणि ती म्हणाली, "किनाऱ्याकडून वेळणेश्वर दिसेल." तेव्हा तो वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "अगो, हो की! माझ्या लक्षातच नाय आलं."

वेळणेश्वर तिचं माहेर. माहेर म्हणायचं ते आता नावाला. बाप गेला, भाऊ एकामागून एक मुंबईला गिरणीत लागले, वाडीतले माड दुसऱ्यानं घेतले, घराला कुलूप. खाड्या ओलांडत तिकडे जाण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि जाऊन वर्षं लोटली होती. त्यामुळे जाताजाता बोटीतून का होईना आपला गाव डोळ्यांनी पाहावा असं कुणाही बाईला वाटेल, ह्यात काय नवल? नवल नव्हतं, हेच तिला टोचत होतं. कारण कचेरीत बोट टेकवलं तेव्हा वेळणेश्वर तिच्या मनात नव्हतं. ते वळणावर सुचलं. संध्याकाळपर्यंत हरिश्चंद्रानं ते यमुनेला सांगितलं, यमुनेनं विहिरीवर सांगितलं, शेजारणीनं येऊन मथुरेचा हात हातात घेतला आणि "माहेर ते माहेरच गो," म्हणून डोळे पुसले. मथुरेनंही पुसले. पुसताना तिला वाटलं, मी खोटं रडतेय. आणि मग बापाचं पडवीत जाळं विणत बसणं खरोखरच आठवलं आणि ती खरी रडली. पण त्यानं मूळ गोष्ट सुटली नाही.

मूळ गोष्ट एवढीच होती, की ती आजवर एका खोलीत एकटी झोपली नव्हती. हे तिला त्या रात्री अंथरुणं घालताना कळलं. वेळणेश्वरच्या घरात सहा भावंडं एका लांबलचक घोंगडीवर, आणि ती मधली; डावीकडे थोरलीचा दंड, उजवीकडे धाकट्याचे गार पाय. लग्न होऊन मचव्यातून रत्नागिरीला आली तेव्हा पहिली काही वर्षं सासूजवळ. मग माळ्यावरची खोली मिळाली. तीही कशी, तर खालच्या माजघरात कुणी कूस बदलली तरी वर कळावी आणि वरची फळी करकरली तरी खाली; हरिश्चंद्र कुजबुजण्याऐवजी खुणा करी आणि तिला हसू आवरत नसे. मग मुलं, एक ह्या अंगाला, एक त्या. रघूचं लग्न झालं तेव्हा माळ्यावरची खोली त्याला दिली, हरिश्चंद्राची खाट ओटीवर गेली, आणि बयचे डोळे मंदावत गेले तसं मथुरेचं अंथरूण माजघरात बयच्या अंथरुणाला लागून आलं. बय झोपेत तिचं मनगट धरी. म्हाताऱ्या तळव्याची ती पकड कागदासारखी कोरडी आणि हलकी. पण सुटायची नाही. रात्रीतून "मथुरे" अशी हाक येई. पाणी हवं असे, बाहेर जायचं असे, कधी काहीच नको असे, नुसतं ती आहे एवढं कळायला हवं असे. तिला ह्यातल्या कशाचाच राग नव्हता. कुणी तिला दुखवलं नव्हतं, कुणी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, भरल्या घरात ती भरलेली होती. आणि तरी.

एकदा मात्र ती एकटी राहिली होती. रघू लहान असताना मोठ्या वयात तिला गोवर निघाला, आणि पोरांना लागू नये म्हणून वखारीमागच्या खोलीत तिला ठेवलं. तापात काय झालं ते तिला आठवत नव्हतं. ताप उतरला त्यानंतरचं आठवत होतं. छपरात एक काचेचं कौल बसवलं होतं आणि त्यातून उन्हाचा एक तुकडा सकाळी भिंतीवर पडे, सरकत सरकत जमिनीवर येई, दुपारी तिच्या पायांवरून जाई. ती तो तुकडा पाहत पडून राही. दाराशी कुणी पेज ठेवी, हाक मारी, निघून जाई. कुणाला काही हवं नसे. आपले श्वास आपल्याला ऐकू येतात, आपल्या हाताला खोबरेल आणि घाम मिळून एक वास आहे, आपण मनातल्या मनात कुणाशी तरी बोलत असतो आणि ते कुणीतरी आपणच असतो, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अंगावरच्या खपल्या पडल्या, न्हाणं झालं, आणि ती घरात परत आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. तिलाही झाला. पण न्हाताना गरम पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतून घेताना, काहीतरी संपलं म्हणून तिला क्षणभर वाईट वाटलं होतं. ह्याला काय म्हणायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं ते कुणालाच सांगितलं नाही.

बयला केबिनीचं सांगितलं हरिश्चंद्रानं, दुसऱ्या दिवशी जेवताना. बय जेवायची थांबली. भाताचा घास तिच्या बोटांत तसाच राहिला. "आणि माझ्याजवळ कोण?"

"मी," हरिश्चंद्र म्हणाला.

"तू?" बय हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तुला काय कळतंय माझं? तू झोपलास की ढोल वाजवला तरी उठायचा नायस."

यमुना म्हणाली, "वयनी, तुम्हांला तरी एकटीला भीती नाय वाटायची? समुद्रावर?" विमला पोरीला मांडीवर घेऊन मथुरेकडे पाहत होती. त्या पाहण्यात काहीतरी होतं, हेवा होता की कुतूहल, ते मथुरेला ओळखता आलं नाही; तिनं मान खाली घालून ताकाचं भांडं पुढं सारलं. बयचा तो घास तिला दिवसभर दिसत राहिला. दुपारी बय उगाचच खांबाला हात लावून उभी राहिली, आणि मथुरा जवळ गेली तर म्हणाली, "काय नाय. तू तुझं काम कर." मग मात्र मथुरेला राहवेना. चप्पल घालून ती वखारीत गेली. कौलांच्या लालभडक थप्प्यांमधून वाट काढत नवऱ्यापाशी पोचली आणि माणसं लांब गेलेली पाहून म्हणाली, "हातिसकरांना निरोप धाडा. मी बयजवळच झोपेन. तुम्ही घ्या ती."

"का?"

"बयना रात्रीत कितीदा उठवायला लागतं, हाताला धरून न्यायला लागतं. पाणी द्यायचं तर आधी हात लावून सांगायला लागतं, नायतर दचकतात. तुम्हांला ठाऊक नाय त्यातलं काय."

हरिश्चंद्र एक कौल बोटांच्या मागच्या बाजूनं वाजवून पाहत होता. न फुटलेल्या कौलाचा खणखणीत आवाज आला. ते थप्पीवर ठेवून तो म्हणाला, "अगो, माझी आई हाय ती."

तो रागानं बोलला नव्हता. चुकून बाजूला राहून गेलेली एखादी गोष्ट आता सापडली, असा त्याचा सूर होता. मथुरेला एकदम वाटलं, बयचं सगळं आपल्याकडे आलं ते कुणी दिलं म्हणून नाही, आपण घेत गेलो म्हणून; आणि ज्याचं होतं त्याला मागायची सोयही राहिली नाही. हे बरोबर होतं की नाही कोण जाणे. पण घरी परतताना पाय हलके पडत होते.

बोट दुपारची होती. बंदरापासून लांब नांगर टाकून ती उभी राहिली आणि माणसं पडावातून, उघड्या होडीतून, तिच्याकडे निघाली. ट्रंका, वळकट्या, आंबोळ्यांचा डबा, पोरीच्या झोळीचा दोर, सगळं पायांत. पडाव वरखाली होत होता. मथुरेनं सवयीनं बयचा हात धरायला हात पुढं केला, तर बयनं आधीच हरिश्चंद्राचा दंड धरलेला होता. बोटीला पडाव लागला तेव्हा शिडी समोर झुलत होती, आणि शिडीच्या फटींतून हिरवं पाणी दिसत होतं. खलाशी ओरडत होते. "बय, गळ्यात हात घाल," हरिश्चंद्र म्हणाला आणि पन्नाशी उलटलेला तो जाडजूड माणूस आईला पाठीवर घेऊन शिडी चढू लागला. बय मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत होती. मध्येच ते थांबवून ती म्हणाली, "हरी, घाम किती आलाय रे तुला!" वर डेकवर हसू फुटलं. मथुराही हसली, आणि खाली राहिलेल्या वळकट्या एकेक करून वर देऊ लागली.

सगळ्यांची सोय लावून, पोरीला झोळीत घालून, पाण्याचा तांब्या बयच्या हाताला लावून दाखवून ती पलीकडच्या अंगाला आली. केबिन तिच्या देवघराहून फार मोठी नव्हती. एक पलंग, एक लहान आरसा, हात धुवायला भिंतीतच बसवलेलं भांडं, आणि झडपांची खिडकी. दाराला पितळी कडी होती. ती लावली. कडी बसल्याचा बारीकसा टक् आवाज आला. मग ती पलंगाच्या काठावर बसली आणि वाट पाहू लागली. कशाची ते तिला ठाऊक नव्हतं. आनंदाची असावी. तो काही लगेच आला नाही. जागे झाले ते आधी कान. कान आपले आपण बयकडे गेले, मधल्या वाटेतून, माणसांच्या पायांतून, समुद्राच्या अंगाच्या केबिनीपर्यंत. तिथं काही ऐकू येईना तेव्हा विमलाच्या पोरीकडे गेले. तिथूनही परत आले. पायाखाली इंजिनाची धडधड होती. ती तळपायांतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून पाठीत चढत होती, न थकता, कुणालाही न विचारता. आपण पुढं चाललो आहोत आणि त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली तेव्हा तिनं पाय वर घेतले, पदर सैल केला आणि आडवी झाली. उशी अनोळखी वासाची होती. बोटीनं जयगडला थोडं थांबून माणसं घेतली, होडीवाल्यांचा कालवा झाला, मिटला. ती उठली नाही. कुणीतरी दारावरून गेलं. तिनं श्वास रोखला, पावलं पुढं गेली, आणि तिला लहान पोरीसारखं हसू आलं.

ऊन कलल्यावर ती उठून खिडकीशी बसली. किनारा सोनेरी आणि लांब होता. एक डोंगर पुढं यायचा, मागं जायचा. त्यामागून वाळूची पांढरी पट्टी, पट्टीमागं माडांची काळसर रांग, मग पुन्हा तांबडा कातळ. तिनं मनाशी धरलं होतं की गाव आपण बघताक्षणी ओळखू. पण जन्मभर तिनं वेळणेश्वर पाहिलं होतं ते वेळणेश्वरात उभं राहून. समुद्राकडून आपला गाव कसा दिसतो, ते तिला कुठं ठाऊक होतं? एक किनारा आला, तो असावा असं वाटलं. मग तसाच दुसरा आला. दुसऱ्यात झाडांमध्ये काहीतरी पांढरं होतं, देवळासारखं. पण ते एखादं घरही असेल. कुणाला विचारायला गेली असती तर खलाशानं सांगितलं असतं. ती गेली नाही. त्या दुसऱ्या किनाऱ्यालाच तिनं वेळणेश्वर मानलं, आणि तो नजरेआड होईपर्यंत हात जोडून बसली. त्यात तिला काही खोटं वाटलं नाही. बाप त्या वाळूतून चालत आला असता तर इतक्या लांबून मुंगीएवढाही दिसला नसता, असं तिच्या मनात आलं, आणि तरी ती वाळूत बघत राहिली.

दारावर टकटक झाली. हरिश्चंद्र होता. पाहुण्यासारखा तो उंबऱ्याशी थांबला. "झोपली होतीस काय?"

"नाय. या ना."

"बयला डुलकी लागलीय. यमुना बसलीय जवळ." तो आत आला, बसायला जागा शोधून ट्रंकेवर बसला. त्याचे गुडघे पलंगाला टेकत होते. आरसा, भांडं, कडी, सगळं तो बघत होता. "दिसलं काय वेळणेश्वर?"

हो म्हणणं सोपं होतं. पण कडी लावलेल्या त्या खोलीत दुपारभर राहिल्यावर तिला सोपं काही बोलावंसं वाटेना. "ओळखूच आलं नाय," ती म्हणाली. "सगळे किनारे सारखेच. मी आपलं एक धरलं." तो हसला. मग ती म्हणाली, "आणि खरं सांगू? वेळणेश्वर मला नंतर सुचलं. कचेरीत माझ्या डोक्यात ते नव्हतं."

"मग काय होतं?"

"काय नाय. एकटीची खोली होती, बस."

आता तो काय म्हणेल ह्याची तिला धास्ती वाटली. आणि धास्तीपेक्षा जास्त, बोलून टाकल्याचं बरं वाटलं. हरिश्चंद्रानं मिशीवरून हात फिरवला. "मला वाटलं होतं ती मला मिळेल," तो म्हणाला.

"काय?"

"ही. हातिसकरानं मला आदल्या दिवशीच सांगितलान होतं, एकट्याची एक राहिलीय म्हणून. मी मनात म्हटलं, बेस झालं. कडी लावायची आणि पडायचं. हरिशेट म्हणून कुणी हाक मारायची नाय." सांगताना तो लाजला होता. इतक्या वर्षांत त्याला लाजताना तिनं पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल ते माळ्यावरच्या खोलीत, अंधारात.

"मग बोललात का नाय?"

"पायऱ्यांवर होतो मी. तू कागदावर बोट ठेवलंस ते पाहिलं." त्यानं पितळी कडीकडे पाहिलं. "तू कधी कशावर बोट ठेवलेलं मला आठवेना."

बाहेर प्रकाश विझत चालला होता आणि पाण्यावर तांबूस रेघा उरल्या होत्या. मग मथुरा उठली, उशीवरचा अभ्रा झटकला आणि म्हणाली, "पडा जरा. मी बसते बयजवळ." तो नको नको म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्यानं टोपी काढली. ती बाहेर गेल्यावर तिला आतून कडीचा आवाज ऐकू आला. ती तिथंच, भिंतीला हात लावून, तोंडावर पदर धरून हसली.

बय जागी झाली होती. पलंगावर बसून तिनं नवी शाल गुंडाळून घेतली होती आणि चेहरा दाराकडे होता. "हरी?"

"मी हाय, बय. मथुरा."

"हरी कुठं गेला?"

"पडलेत जरा."

"मला सांगत होता, ह्या बोटीचं इंजिन कसं चालतं ते. अर्धंच सांगितलान." मथुरा जवळ बसली. तिनं मनगट पुढं केलं. बयनं ते चाचपलं, थोपटलं आणि सोडून दिलं. "तो लहान होता ना, तेव्हा असाच बडबड करी. मग कधी बोलायचा थांबला, कळलं नाय बघ. मला वाटायचं, कामात असतो." शाल नीट ओढून घेत ती म्हणाली, "मथुरे, तू जा तुझ्या खोलीत. हरीला पाठव उठला की."

तिला लागलं. नाही म्हणायला नको, लागलंच. जिथं कुणी अडकवून ठेवलं होतं तिथून कुणी अलगद सोडलं म्हणजे आधी थंडीच वाजते. पण ती थंडी फार वेळ टिकली नाही. वाटेत लोखंडी कठड्याशी ती उभी राहिली. वारा खारट होता. खाली डेकवर माणसं दाटीवाटीनं पसरली होती, कुणी डबे सोडले होते, कुणी गाणं म्हणत होतं, आणि तिथल्या कुणा बाईची नजर वर गेली तेव्हा मथुरेनं हात हलवला, ओळख नसताना. मग तिनं जाऊन दार वाजवलं. हरिश्चंद्र डोळे चोळत बाहेर आला, म्हणाला, "काय झोप लागली!" आणि आईकडे गेला.

तिला जाग आली तेव्हा धडधड थांबलेली होती. काय थांबलं ते आधी कळेना. खिडकीच्या झडपांतून ऊन आत येऊन पलंगभर पट्टेपट्टे झाले होते आणि बाहेर हमालांच्या हाका चालल्या होत्या. मुंबई आली होती. कुणी तिला उठवलं नव्हतं. घरात सगळ्यांच्या आधी उठायचं ते तिनं, आणि आज सगळं आवरून झाल्यावर ती उठत होती. तोंडावर पाणी मारून, पातळ सारखं करत ती धावतच पलीकडच्या अंगाला गेली. ट्रंका बाहेर ओढून ठेवल्या होत्या. विमला पोरीला काजळ लावत होती; मथुरेला पाहून तिनं विचारलं, "आत्याबाई, झोप लागली ना?" आणि उत्तर नीट ऐकून घ्यायला ती थांबली. "लागली गो," मथुरा म्हणाली, "खूप लागली. पुढच्या खेपेला तू घे ती खोली."

बय वळकटीवर ताठ बसली होती. तिचा अंबाडा कानाच्या बाजूला कलला होता. अर्धे केस आत गेले होते, अर्धे मानेवर लोंबत होते, आणि दोन आकडे तर उलटेच खोवलेले होते.

"वयनी, फणी कुठं ठेवलीत?" यमुना म्हणाली. "हिचं डोकं बघा काय करून ठेवलान दादानं. डॉक्टरकडे असंच नेऊ?"

मथुरेचा हात तिच्या नकळत पुढं झाला होता. बयला ते कसं कळलं कोण जाणे; तिनं दोन्ही तळवे डोक्यावर धरले. "हात लावू नको गो कुणी. हरीनं घातलान तो." मग चेहरा मथुरेच्या दिशेला वळवून, जरा साशंक होऊन तिनं विचारलं, "मथुरे, कसा झालाय?"

हरिश्चंद्र कठड्याशी पाठ करून उभा होता आणि धक्क्यावर रघू दिसतो का ते फारच लक्ष देऊन बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"बेस झालाय, बय," मथुरा म्हणाली. लोंबणारी एक बट वाऱ्यावर उडून म्हातारीच्या गालावर आली होती. तीसुद्धा तिनं बाजूला केली नाही.